जुन्या गाडीचा सकाळचा आवाज: थंड इंजिन, खर्रर्र, टकटक आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे झिजलेला सिलेंडर आतनं कापून गुळगुळीत करायचं, छोटं वर्कशॉप आहे. लोक पेपरात गुंडाळलेला सिलेंडर कॅरीबॅगमधून घेऊन येतात आणि काऊंटरवर ठेवून म्हणतात, "भावा, बोअर मारायचा हाय, सकाळी लई आवाज यालाय." मी डायल लावतो, माप बघतो आणि बऱ्याच वेळा सांगतो की सिलेंडर चांगला आहे, परत नेऊन बसवा. मग गिऱ्हाईक माझ्याकडं असं बघतं की मी त्याचं काम नाकारलं. तेच तेच प्रश्न रोज येतात, तेच तेच उत्तर देऊन घसा बसलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. माझी स्वतःची गाडी बाबांची जुनी स्प्लेंडर आहे, त्यामुळं उदाहरणं तिचीच जास्त येतील.

थंड गाडीलाच आवाज का येतो? पाच मिनिटांनी कुठं जातो?

कारणं तीन आहेत आणि तिन्ही साधी आहेत. पहिलं, रात्रभर गाडी उभी राहिली की वरच्या हेडमधलं, कॅमवरचं (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), टेन्शनरमधलं (आतली चेन ताणून धरणारी वस्तू) तेल हळूहळू खाली उतरतं आणि सकाळी किक मारल्यावर पंपाला ते परत वर पोचवायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ लोखंडावर लोखंड जवळजवळ कोरडंच वाजतं. दुसरं, पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि लाइनर, म्हणजे सिलेंडरची आतली भिंत, बिडाची, आणि अॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे थंड असताना पिस्टन आत ढिला असतो आणि गरम झाला की भरतो. तिसरं, चोकवर इंजिन जरा जास्त फिरतं, त्यामुळं एरवी गप्प असणारी एखादी वस्तू त्या वेगालाच वाजते (याचा आमच्या घरचा किस्सा शेवटी आहे).

"थंड" म्हणजे किती थंड धरायचं?

हात लावून गार लागलं म्हणजे थंड नव्हे. निदान सहा-सात तास गाडी बंद पाहिजे, रात्रभर असेल तर उत्तम. आणि मधे गल्लीतून बाजूला घ्यायला म्हणून कुणी दहा सेकंद चालू केली असेल तर ती मोजायची नाही, तेल वर चढलेलं असतं. गाडी ढकलून बाजूला घ्या. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाटे १४-१५ अंश असतं, तेव्हा आवाज सगळ्यात स्पष्ट येतो, एप्रिल-मे महिन्यात तोच दोष अर्धा झाकून जातो.

मिस्त्रीकडं नेली की आवाजच येत नाही. मला वेड्यात काढतात.

येणारच नाही ना. तुम्ही कळंब्यावरनं निघालात, मिरजकर तिकटीपर्यंत गाडी चालवत आणली, म्हणजे इंजिन गरम झालं, तेल सगळीकडं पोचलं, पिस्टन फुगला. आता मिस्त्री कान लावून काय ऐकणार? तो म्हणतो गाडी ओके आहे, तुम्ही म्हणता आवाज आहे, दोघंही खरं बोलताय. मग एक तर तो काहीच करत नाही, नाहीतर तुमच्या सांगण्यावरनं अंदाजानं काहीतरी बदलतो आणि बहुतेक चुकीचं इथंच होतं.

उपाय एकच आहे. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजवर ठेवून या आणि सांगून या की मी सकाळी येईपर्यंत कुणी चालू करायची नाही, आत-बाहेर करताना पण ढकलायची. सकाळी दोघांनी मिळून पहिली किक मारायची. पहिल्या दोन मिनिटांत जे कळतं ते नंतर दिवसभर गाडी खोलून कळत नाही. मिस्त्री नाही म्हणाला तर दुसरा मिस्त्री बघा, इतकं साधं आहे.

आवाज कसा आहे हे शब्दात सांगताच येत नाही, काय करू?

आवाज कसा आहे यापेक्षा तो किती वेळ टिकतो ते बघा. खडखड, टकटक, कटकट, एकाला जे खडखड वाटतं ते दुसऱ्याला टकटक वाटतं, पण घड्याळ सगळ्यांचं सारखंच असतं. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि किक मारा.

दोन ते पाच सेकंदांत गेला तर संशय तेल उशिरा पोचण्यावर आणि टायमिंग चेनच्या (कॅम फिरवणारी इंजिनातली साखळी) टेन्शनरवर. अर्ध्या मिनिटापासनं दोन-तीन मिनिटांत हळूहळू विरला तर पिस्टन ढिला, नाहीतर बेंड पाईपचं (इंजिनातनं सायलेन्सरकडं जाणारा पाईप) पॅकिंग फुंकतंय. गरम झाल्यावर पण तसाच राहिला, फक्त थंडीत जास्त जाणवतो, तर टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवायचा स्क्रू), क्लच, नाहीतर बाहेरचा पत्रा. आणि गाडी जशी तापेल तसा वाढत गेला तर हा सकाळचा आवाजच नाही, तो वेगळा आणि महागडा विषय आहे, खाली लिहिलाय.

किक मारल्यावर तीन-चार सेकंद डाव्या बाजूनं "खर्रर्र" येतं आणि बंद होतं. काय असेल?

स्प्लेंडर, पॅशन, सीडी-हंड्रेड या आडव्या सिलेंडरच्या इंजिनांचा हा नेहमीचा आवाज. यात टायमिंग चेन ताणून धरायला खालनं एक रॉड असतो, त्याच्या मागं स्प्रिंग आणि सोबतीला तेलाचा दाब. रात्रीत ते तेल निघून जातं, सकाळी एकटी स्प्रिंग चेन धरून ठेवते, स्प्रिंग म्हातारी झालेली असेल तर चेन आत फडफडते आणि केसिंगला घासून खर्रर्र करते. तेल भरलं की गप्प.

तीन-चार सेकंदांचा आवाज असेल तर घाबरायचं कारण नाही, पण आज तीन सेकंद आणि दोन महिन्यांनी पंधरा सेकंद असं होत असेल तर काम काढा. काम काढायचं म्हणजे नुसती चेन बदलायची नव्हे. आतले रबरी रोलर कडक होऊन त्यात चेननं चर पाडलेली असते, टेन्शनरच्या आर्मचा रोलर, गाईड रोलर, रॉडचं रबरी टोक, स्प्रिंग, सगळं एकत्र बदलायचं. नवी चेन जुन्या कडक रोलरवर टाकली की महिन्याभरात आवाज परत येतो आणि मग लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता.

पल्सर, युनिकॉर्न अशा उभ्या सिलेंडरच्या गाड्यांना सिलेंडरच्या मागं स्वतंत्र ऑटो टेन्शनर असतो, तो चेन लांबेल तसा आपोआप पुढं सरकतो आणि मागं येत नाही. तो अडकला की सकाळी खर्रर्र आणि थ्रॉटल सोडताना पण खर्रर्र. थ्रॉटल हळू वाढवून एकदम सोडा, आर पी एम खाली येताना आवाज जास्त आला तर चेनकडं बोट दाखवायला हरकत नाही. काही जण तो ऑटो टेन्शनर काढून बोल्टनं आवळायचा जुगाड करून देतात. आवाज जागच्या जागी बंद होतो, खरं आहे, पण बोल्ट जरा जास्त आवळला गेला की गाईड खातो, चेन खातो आणि मग हेड खोलायची वेळ येते. मी तरी करून घेणार नाही.

बारीक "टक टक टक" येतो, मिस्त्री म्हणतो टॅपेट. टॅपेट केले तरी तसाच.

टॅपेटसारखा आवाज करणारी अजून एक वस्तू असते आणि तिच्याकडं कुणी बघत नाही: बेंड पाईप जिथं हेडला बसतो तिथलं गोल पॅकिंग. ते पॅकिंग दबलेलं किंवा जळलेलं असेल तर थंड असताना फटीतनं धूर टक टक करून फुंकतो, पाईप आणि हेड तापून फुगले की फट बुजते आणि आवाज जातो. अगदी टॅपेटसारखा, त्याच तालात, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणारा खालचा दांडा) दोन फेऱ्यांत एक्झॉस्ट एकदाच सुटतो आणि एक टॅपेट पण दोन फेऱ्यांत एकदाच वाजतो. नुसत्या कानानं फरक करणं अवघड आहे.

मागच्या थंडीत कागलकडचा एक पोरगा सिलेंडर घेऊन आला. आधी टॅपेट दोनदा झालेले, मग टायमिंग चेन किट झालं, मग "आता हाफ इंजिन करावं लागंल" म्हणून हेड-सिलेंडर खोललेला. मी माप घेतलं, वर-मधे-खाली आणि आडवं-उभं, सहा जागी. झीज ३० मायक्रॉनच्या (०.०३ मिलिमीटर) आसपास, म्हणजे अजून बरीच वर्षं चालला असता. मी त्याला म्हटलं, हेड आणलायस का बघू. हेड त्याच्या सॅकमध्येच होता. एक्झॉस्टच्या तोंडाशी जिथं पाईप बसतो तिथं एका बाजूला काळी काजळी पंख्यासारखी पसरलेली आणि दोन स्टडपैकी एकाचे आटे गेलेले. एवढंच होतं. स्टड बदलला, नवीन पॅकिंग घातलं, आवाज गेला. ज्या गॅरेजनं इंजिन खोलायला लावलं त्याचं नाव मी घेत नाही, कारण चूक निम्मी त्या पोराची पण होती, गाडी तो दर वेळी तीस किलोमीटर चालवत आणून दाखवत होता.

तपासायची पद्धत घरी करता येते. गाडी पूर्ण थंड असताना साबणाचं पाणी बेंड पाईपच्या तोंडाशी सोडा, चालू करा, बुडबुडे फुटले तर सापडलं. नाहीतर जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या मागच्या तोंडावर दोन सेकंद दाबा, पुढनं टकटक एकदम वाढला तर पॅकिंगच. फडकं जास्त वेळ धरू नका, आणि हात पाईपला लावू नका, पाईप पहिल्या मिनिटातच भाजण्याइतका तापतो.

मग खरा टॅपेटचा आवाज कसा ओळखायचा?

खरा टॅपेट गरम झाल्यावर पूर्ण जात नाही, कमी-जास्त होतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेटच्या झाकणावर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा, मग तेच सिलेंडरवर, मग क्लच कव्हरवर, मग मॅग्नेटच्या कव्हरवर. जिथं आवाज कडक आणि जवळ वाटेल ती जागा. स्क्रू ड्रायव्हर फिरणाऱ्या कशाला लागणार नाही एवढं बघा, आणि मफलर-ओढणी बाजूला काढून ठेवा.

टॅपेट सेट करायचा तो इंजिन थंड असतानाच, फ्लायव्हीलवरची टी ची खूण जुळवून, पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून. बरेच जण बोटानं हलवून "बास" म्हणतात. हात बसलेला म्हातारा मिस्त्री असेल तर चालतं पण, नाही असं नाही. मात्र आवाज अजिबात नको म्हणून टॅपेट घट्ट करून घेऊ नका. घट्ट टॅपेटमुळं व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, आणि तो जळताना काहीच आवाज करत नाही. थोडी टिकटिक असू दे.

जाड, पोकळ "ठप ठप" येतो, मिनिटा-दोन मिनिटांत जातो. बोअर मारायला पाहिजे ना?

हा माझ्या धंद्याचा प्रश्न, म्हणून खरं तेच सांगतो: बहुतेक वेळा लगेच नाही.

हा पिस्टनचा आवाज. पिस्टन खाली येताना लाइनरच्या एका भिंतीवरनं दुसऱ्या भिंतीवर आपटतो. नवीन इंजिनात पिस्टन आणि बोअरमधली फट साधारण २०-४० मायक्रॉन असते, आणि बऱ्याच छोट्या इंजिनांत ती १०० मायक्रॉनपर्यंत म्हणजे ०.१० मिलिमीटरपर्यंत गेली की कंपनी बदला म्हणते. मधला जो पल्ला आहे त्यात गाडी सकाळी थोडी ठपठप करते आणि दिवसभर नीट चालते. अशा गाड्या वर्षानुवर्षं ज्योतिबा डोंगर चढतायत.

बोअरचा निर्णय आवाजावर घेऊ नका, तेलावर घ्या. हजार किलोमीटरमागं तेलाची पातळी किती उतरते? सकाळी निळा धूर येतो का, थ्रॉटल दाबल्यावर येतो का? चढाला दम लागतो का? हे सगळं "नाही" असेल आणि नुसता ठपठप असेल तर पैसे खिशात ठेवा.

खात्रीच करायची असेल तर एक जुनी युक्ती आहे. थंड इंजिनाचा प्लग काढा, चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोडा, प्लग न लावता दोन-चार वेळा हळू किक फिरवा, मग प्लग लावून चालू करा. आवाज थोडा वेळ दबला आणि तेल जळून गेल्यावर परत आला तर पिस्टनच आहे. सुरुवातीला भरपूर निळा धूर निघेल, शेजारी विचारतील, सांगा त्यांना. चमचा म्हणजे चमचाच, अर्धी वाटी नव्हे. जास्त तेल घातलं तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि खरंच बोअर करायचा झाला तर आधी पिस्टन विकत घ्या, मग सिलेंडर घेऊन या. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिलिमीटरनं मोठे असे ओव्हरसाईज पिस्टन येतात पण डब्यावर लिहिलेलं आणि आतल्या पिस्टनचं खरं माप यात फरक असू शकतो, आम्ही हातात आलेल्या पिस्टनचं माप घेऊन त्याला फट सोडून बोअर करतो. "पॉइंट पंचवीस करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो" म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो. नव्या बोअरला आवाज राहिला तर शिव्या मलाच बसणार असतात.

सेल्फनं चालू केली तर आवाज, किक मारली तर नाही. असं कसं?

सगळ्यात सोपं निदान. सेल्फचा वन-वे क्लच (एकाच दिशेला पकडणारा), त्यातले रोलर नाहीतर स्प्रिंगा गेल्यात. बटण दाबताना किंवा सोडताना कर्रर्र-कटाक असं येतं. बॅटरी कमजोर असेल तर इंजिन उलटा झटका देतं आणि तो लवकर खराब होतो, म्हणून आधी बॅटरी चार्ज करून बघा. उलट, किक मारल्यावरच कटकट येत असेल आणि किकचा दांडा थरथरत असेल तर किकचा रॅचेट (किकला पकडणारा दात्यांचा भाग) सुटत नाहीय.

क्लच दाबला की आवाज बंद होतो.

मग हेडकडं बघूच नका. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरायचा थांबतो, म्हणजे आवाज क्लचच्या हौसिंगचा, त्याच्या रबर-स्प्रिंगांचा नाहीतर गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा. जुन्या गाडीत थोडी खळखळ चालते. सकाळी पहिला गिअर टाकताना "खट्ट" होऊन गाडी उडी मारते तो वेगळा विषय, रात्रभर प्लेटा तेलात चिकटलेल्या असतात. इंजिन बंद असताना क्लच दाबून दोन-तीन किक मारा, सुटतात.

जाड तेल टाकलं तर आवाज जाईल का?

गरम इंजिनाचा आवाज दबेल, सकाळचा उलट वाढेल. १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंड असतानाचा, जितका लहान तितकं तेल सकाळी पातळ आणि वर लवकर पोचणारं. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० सांगितलंय आणि लोक दुकानदाराच्या म्हणण्यावरनं २०डब्ल्यू-५० ओततात, आणि मग मला विचारतात सकाळी खर्रर्र का वाढलं. पल्सरला २०डब्ल्यू-५० चालतं म्हणून स्प्लेंडरला पण चालेल असं नसतं. डब्यावर जासो एम ए (बाईकच्या तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलंय का तेवढं बघा, कारचं तेल टाकलं तर क्लच घसरायला लागतो.

तेलाच्या ग्रेडच्या आधी तेल आहे का ते बघा. हसू नका, आवाजाच्या तक्रारीत पातळी निम्म्यावर असलेल्या गाड्या लई येतात. गाडी डबल स्टँडवर सपाट जागी, स्प्लेंडरची काडी पुसून आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची, फिरवून बघितली तर पातळी खोटी दाखवते. आणि तेल बदलताना जाळी आणि क्लचकडचा गोल फिल्टर कधी साफ केलाय विचारा, नुसतं नट खोलून तेल सोडलं की सर्व्हिसिंग झालं असं समजणारे भरपूर आहेत. जाळी गाळानं भरली की हेडला तेल उशिरा पोचतं आणि कॅम झिजतो. कॅम झिजला की टॅपेट कितीही सेट करा, ताल बिघडलेलाच राहतो.

आर-एक्स १०० ला पण सकाळी टॅपेटचा आवाज येतो.

येणार नाही भावा, टू-स्ट्रोकला टॅपेट नसतोच! तुम्ही ऐकताय तो पिस्टनचा आवाज, नाहीतर पिस्टनपिनच्या बारीक बेअरिंगची किणकिण. १९९६ ला बंद झालेली गाडी आहे, आज जी फिरतेय तिचा बोअर किती वेळा झालाय ते बघूनच बोला. किणकिण थंड-गरम दोन्हीला असेल आणि रेसवर वाढत असेल तर बेअरिंग आधी बदला.

जुन्या बिडाच्या बुलेटचं काय?

ती आवाजच करते, तिला कशाला बोलायचं. तरी दोन गोष्टी. सिलेंडर अख्खा बिडाचा, त्यामुळं सकाळी ठपठप जास्त वेळ राहतो, दोन-तीन मिनिटं हळू चालवा. आणि टॅपेट थंडच करायचे: पुशरॉड बोटानं गोल फिरायला पाहिजे पण वर-खाली हलायला नको, इतकी सोपी पद्धत दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही. बरेच दिवस उभ्या असलेल्या बुलेटमध्ये ऑइलच्या टाकीतलं तेल खाली क्रँककेसमध्ये उतरतं, मग चालू केल्यावर जाळ अन् धूर संगटच, निदान धूर तरी नक्की. डाव्या कव्हरमधनं साखळी घासल्यासारखा आवाज आला तर प्रायमरी चेन तपासा.

सेकंडहँड घेतलीय, पुरात बुडाली होती असं नंतर कळलं.

कोल्हापुरात हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी भागात गाड्या दिवसचे दिवस पाण्याखाली होत्या, पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी मागं टाकून किती वर गेली ते सगळ्यांनी बघितलंय. त्यातल्या काही गाड्या नुसतं तेल बदलून, धुऊन-पुसून विकल्या गेल्या. पाणी आत राहिलं की क्रँकच्या बेअरिंगवर, कॅमवर, रॉकरवर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि मग घर्रर्र असा दळल्यासारखा आवाज येतो जो थंडीत जास्त असतो पण गरम झाल्यावर पण जात नाही. तेल काढल्यावर दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. हेडलाईटच्या आतल्या कोपऱ्यात, सीटखालच्या वायरिंगच्या गाठींत वाळलेला गाळ सापडतो, विकणारा तिथं कधी पुसत नाही. अशा गाडीला टॅपेट-चेन करत बसू नका, एकदाच फुल्ल इंजिन खोला नाहीतर परत विका (पण खरं सांगून विका).

सकाळी रेस करून गरम केली तर लवकर आवाज जातो. करू का?

नको. तेल वर पोचायच्या आधीच तुम्ही कोरडं इंजिन पळवताय. चोक देऊन अर्धा-एक मिनिट स्लोवर ठेवा आणि मग हळू चालवत न्या. गल्लीतली म्हातारी माणसं पण दुवा देतील.

आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवला तर चालेल?

निम्मं चालेल. मोबाईल बारीक आवाज मोठा करतो आणि मोठा आवाज दाबतो, त्यामुळं व्हिडिओत प्रत्येक गाडी फुटायला आल्यासारखी वाटते. पण ताल कळतो. पहिल्या किकच्या आधीपासनं रेकॉर्डिंग सुरू करा, तीन मिनिटं बंद करू नका, एकाच जागी धरा, आणि मधे "ऐका ऐका, हाच तो" असं बोलू नका, तेवढाच भाग नेमका वाया जातो. निम्म्या स्पीडला लावून बघा, सायलेन्सरच्या प्रत्येक ठोक्याला एक टक असेल तर वरच्या भागाचं काहीतरी, ठोक्याला दोन असतील तर खाली क्रँककडं लक्ष द्या. पिस्टन मात्र कधीकधी दोन्ही बाजूंनी आपटून फसवतो.

कधी गाडी अजिबात चालू करायची नाही?

खालच्या भागातनं जड "धड धड" येतोय, गाडी तापेल तसा वाढतोय आणि चढाला जोर दिला की अजून वाढतोय, हे बिग एंडचं, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचं लक्षण. थंड असताना उलट तेल घट्ट असल्यामुळं तो झाकला जातो, म्हणून लोक म्हणतात सकाळी बरी होती. तेल काढून पांढऱ्या थाळीत ओता, उन्हात हलवून बघा, चंदेरी चमचम दिसली तर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं तर लोखंड म्हणजे बेअरिंग-गिअर-क्रँक, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियम, म्हणजे पिस्टन नाहीतर केसिंग. अशी गाडी टेम्पोत घालून न्या. पन्हाळ्याच्या चढाला कनेक्टिंग रॉड तुटला तर केसिंग फोडून बाहेर येतो.

सगळं तपासलं. टॅपेट, चेन, पॅकिंग, क्लच, सगळं ठीक. तरी रोज सकाळी खडखड.

आमच्या स्प्लेंडरला हेच झालं होतं. मी दिवसभर दुसऱ्यांचे सिलेंडर मापतो आणि घरची गाडी महिनाभर सकाळी कुत्र्यासारखी गुरगुरत होती, एक मिनिटानं चोक काढला की गप्प. मी टेन्शनर खोलला, तेल बदललं, जाळी साफ केली, बेंड पाईपला साबण लावून झाला. एक दिवस सकाळी मी गाडीशेजारी उकिडवा बसून कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकत होतो, तेवढ्यात बाबा चहाची बशी हातात घेऊन बाहेर आले, थोडा वेळ उभं राहून बघितलं, आणि चप्पल घातलेल्या पायानंच चेन कव्हर दाबलं. आवाज बंद. पाय काढला, आवाज सुरू. परत दाबला, बंद. मागचा बोल्ट पडलेला होता आणि चोकवर इंजिन ज्या वेगानं फिरतं नेमकं त्याच वेगाला तो पत्रा थरथरत होता.

बाबा बशीतला चहा संपवून आत गेले, काही बोलले नाहीत. बोल्ट मला आमच्याच वर्कशॉपच्या डब्यात सापडला.